उजवी बाजू डावीकडे

आधी नाव वाच, तबस्सुम.
मग वय, तारीख, आणि कोपऱ्यातलं ते शिशाचं अक्षर.
फिल्म अशी लावायची की माणूस समोर उभा आहे:
त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या हाताला.
हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर वाचूनही
दुसराच कुणी वाचलास.

वसमतच्या सरकारी दवाखान्यात, या तिसऱ्या खोलीत
एकतीस वर्षं मी लोकांचा श्वास अडवत आलो.
घ्या. धरा. हलू नका. सोडा.
हळदीच्या मोंढ्यातले हमाल येतात, कोपरापर्यंत पिवळे;
प्लेटीवर छातीचा पिवळा ठसा ठेवून जातात.
फिल्ममध्ये तो रंग येत नाही.
इथं हवा काळी. चरबी काळसर.
पाणी, रक्त, मांस, काळीज, सगळ्यांची एकच राख.
हाड पांढरं,
आणि धातू हाडाहून पांढरा.
म्हणून ताईत काढलाय का विचार. दोनदा विचार.
पहिल्यांदा सगळे हो म्हणतात.

हे चित्र नाही गं, सावली आहे.
कंदिलापुढं हात धरून भिंतीवर हरीण करतात, तसली.
पुढची बरगडी, मागची बरगडी, शर्टाचं बटण,
सगळं एकाच पानावर.
बटण छातीवर की छातीत,
हे समोरून कळत नाही;
म्हणून बाजूनंही एक काढायची.

आता वाच. ठिपक्याकडे धावू नकोस,
तो कुठं जात नाही.
श्वास पुरता घेतलाय का? मागच्या बरगड्या मोज: नऊ, दहा.
तिरका उभा होता का? दोन्ही हासळ्यांची टोकं
मणक्यापासून सारखी लांब हवीत.
काळीज छातीच्या निम्म्यात मावतंय?
खालचे कोपरे पेन्सिलीच्या टोकासारखे,
बोथट दिसले तर पाण्याची शंका घे.
मग जिथं कुणी बघत नाही तिथं बघ:
हासळीच्या वर, काळजाच्या मागं, पडद्याच्या खाली.
आणि एक सापडलं म्हणून थांबू नकोस.
निसार हमालाची मोडकी बरगडी दाखवून
मी खुशीत चहाला गेलो होतो.
त्याच फिल्मच्या काठावर सटकलेला खांदा होता.
आठ दिवसांनी तोच हात गळ्यात बांधून परत आला,
मलाच म्हणाला, साहेब, तुमची काही चूक नाही.

त्या दिवशी तू नाव वाचलंस, माझं.
वय अठ्ठावन्न. निवृत्तीच्या तपासणीची फिल्म.
शिकवल्याप्रमाणं गेलीस, ओठांत बरगड्या मोजत,
डाव्या हासळीपाशी आलीस
आणि गप्प.
काऊन थांबलीस?
"काका, जुनी फिल्म आहे का?"
तिथंच पास केलं मी तुला.

घरी पत्र्याच्या पेटीत होती,
चौऱ्याण्णवची, नोकरीला लागतानाची.
पण पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण लागलं तेव्हा
माझ्या मंजिरीनं तिचा एक कोपरा कापला होता;
सात वर्षांचं लेकरू, गच्चीवर उभं राहून
बापाच्या फिल्ममधून सूर्य बघत होतं.
(डोळ्याला वाईट. इतकी अक्कल
रोज फिल्म धुणाऱ्या मलाही नव्हती.)
कोणता कोपरा, ते काही आठवेना.
रात्रभर पेटी उघडली नाही मी.

सकाळी तूच लावलीस खोक्याच्या उजेडात.
कापला होता तो डावाच, खांद्यावरच्या हवेचा,
सगळ्यात काळा.
कात्री ठिपक्यापासून दोन बोटांवरून गेलेली.
ठिपका होता.
जागच्या जागी, खडूच्या कणासारखा,
मला ठाऊक नसलेल्या कुठल्या तरी जुन्या दुखण्याचा.

तू पट्टी ठेवलीस. चार मिलिमीटर.
दुसरीवर ठेवलीस. चार.
तुझ्या तोंडावर हसू आलं, ते मी बघितलं,
पण बोलायचं नाही.
डॉक्टर अकराला येतात, ते सांगतील.
आपण दाखवायचं, निकाल द्यायचा नाही.

चल. बाकावर दोघं बसलेत मघापासून.
ताईत काढलाय का विचार.
दोनदा.